लाइन आली काय?

रात्री अकरा वाजता ओट्यावरून कोणी ओरडलं, "लाइन आली काय बे?" तर वऱ्हाडात त्याचा अर्थ एकच. वीज. 'वीज' हा शब्द आपण पावसाळ्यात आभाळातून पडते तिच्यासाठी राखून ठेवला आहे.

इंग्रजी 'लाइन' या शब्दाला पुढे-मागे दुसरा शब्द चिकटवून अर्थ नक्की करते: पाइपलाइन, हेडलाइन, हेल्पलाइन, डेडलाइन. आपल्याकडे ते काम क्रियापद करतं. लाइन गेली म्हणजे वीज, लाइन लागली म्हणजे रांग, लाइन टाकली म्हणजे विहिरीपासून वावरापर्यंत पाइप. लाइन मारली म्हणजे काय, ते बसस्टँडवरच्या पोरांना विचारा. इंग्रजी जोडशब्दांपैकी गावात खरा मुरला तो लाइनमन.

"लाइन आहे" यातही मेख असते. घरात बल्ब लागतो, पण वावरातली मोटर फक्त घुमते, फिरत नाही, कारण तिला वीज देणाऱ्या तीन तारांपैकी एक, म्हणजे एक फेज, गेलेला असतो. चालत्या मोटरीचा फेज गेला तर सगळा भार उरलेल्या दोघांवर येतो, करंट वाढतो, मोटरीतलं तारेचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापतं आणि जळतं. फेज गेला की मोटर बंद करणारा प्रिव्हेंटर त्यासाठीच असतो. त्याला बगल देऊन मोटर चालवणाऱ्याचा पैसा शेवटी रिवाइंडिंगवाल्याकडे जातो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचची तऱ्हा वेगळी. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. लाइन येताच डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटरी एकदम उठल्या की व्होल्टेज बसतं, फ्यूज उडतो आणि आलेली लाइन पाच मिनिटांत परत जाते.

पाइपाची लाइन टाकताना नांगर लागू नये म्हणून नाली अडीच-तीन फूट खोल हवी. सांध्यावरची माती पुसायची, सोल्यूशन लावायचं, पाइप आत सारून पाव फेरा फिरवायचा, अर्धा मिनिट दाबून धरायचा आणि दिवसभर पाणी सोडायचं नाही. घाई केली की ऐन ओलिताच्या वेळी सांधा निसटतो.

डेडलाइनचा इतिहास मात्र रक्ताचा. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत कुंपणाच्या आत एक लाकडी कठडा होता. तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. आता हा शब्द पीक विम्याच्या शेवटच्या तारखेला लागतो. गोळी कोणी घालत नाही, सर्व्हर बसतो.

आणि या साऱ्या लाइनींचं मूळ? लॅटिन 'लिनिआ', म्हणजे जवसाच्या धाग्याची दोरी. 'लिनम' म्हणजे जवस. आपल्या झाडीपट्टीत धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर फेकतात तेच, उतेऱ्याचं. फरक वाणाचा. दोऱ्याचं जवस उंच, सरळ वाढतं. आपलं तेलाचं, बुटकं, फांद्याफांद्यांचं. त्याची दोरी होत नाही. भाजून, लसूण-तिखट घालून कुटलं की भाकरीसोबत संपतं.