फिलाडेल्फियातली पाणपोई

बाल्टिमोर ते फिलाडेल्फिया हा रेल्वेचा प्रवास जेमतेम सव्वा तासाचा. अमेरिकन लेखक टिमथी शे आर्थर १८४१ मध्ये बाल्टिमोर सोडून फिलाडेल्फियाला आले आणि १८८५ मध्ये तिथेच वारले. मी निघालो तेव्हा हातात त्यांची दारूच्या दुष्परिणामांवरची कादंबरी होती, १८५४ सालची 'टेन नाइट्स इन अ बार-रूम'.

हा विषय त्यांना बाल्टिमोरनेच दिला. १८४० मध्ये तिथल्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून दारू सोडायची शपथ घेतली आणि वॉशिंग्टोनियन चळवळ उभी राहिली. सभेत माणसं उठून आपलीच कहाणी सांगायची. आर्थर तेव्हा पत्रकार होते. त्या कहाण्यांवर त्यांनी १८४२ मध्ये पुस्तक लिहिलं.

'टेन नाइट्स'चा निवेदकही प्रवासीच. दहा वर्षांत दहा रात्री तो सीडरव्हिलला मुक्काम करतो. सायमन स्लेडने हातातली चालती गिरणी विकून तिथे दारूचा धंदा थाटलेला. दर खेपेला गाव आणखी उसवलेलं दिसतं. जो मॉर्गनची लहानगी मेरी बापाला घरी न्यायला गुत्त्यात येते. एकदा स्लेड मॉर्गनच्या अंगावर पेला भिरकावतो आणि तो लागतो मेरीच्या कपाळाला. मरण्यापूर्वी ती बापाकडून दारू सोडायचं वचन घेते, आणि मॉर्गन ते पाळतो.

अशा लिखाणाला रडकं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. 'एकच प्याला'तही सुधाकरच्या हातून तान्हं मूल जातंच की! फरक इतकाच, की मेरीचा बाप सुटतो, सिंधूचा नवरा सुटत नाही.

दुपारी फेअरमाउंट पार्कात गेलो. दारूमुक्तीचं काम करणाऱ्या कॅथलिक संघटनेने अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या १८७६ च्या प्रदर्शनाच्या वेळी इथे मोठं कारंजं उभारलं. मधे खडकावर बायबलमधला प्रेषित मोझेस, भोवती संगमरवरी पुतळे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला प्यायच्या पाण्याची सोय. आपल्याकडची पाणपोईच म्हणा. तहानलेल्याची पावलं गुत्त्याकडे वळू नयेत, हा त्यामागचा विचार. आर्थर तेव्हा ६७ वर्षांचे, याच शहरात.

कठड्याशी बसून मेरीचं पान पुन्हा वाचलं. आमच्या चाळीतल्या एका काकू दिवेलागणीला मुलाला गुत्त्यावर पाठवायच्या. तो एकटा जायला घाबरायचा, म्हणून सोबतीला मी. आत जायची आम्हा दोघांची छाती नव्हती. दाराच्या कळकट पडद्याखालून आतले पाय दिसायचे. काकांची निळ्या पट्ट्याची चप्पल ओळखू आली, की तो हळूच हाक मारायचा, "बाबा, आई बोलावतेय."