बलून पुस्तकात नाही

इंदुरात आमच्या रामबागेतल्या घरी पुस्तकांचे कपाट बैठकीतच आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर त्यावर पडते, आणि ज्यूल व्हर्नचे ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ हाती घेऊन बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: सिनेमा पाहिला आहे, शेवट ठाऊक आहे, मग आता हे वाचण्यात काय उरले? परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिनेमा मीही आधीच पाहिला होता आणि तो मला मनापासून आवडला होता. १९५६ सालचा तो भव्य चित्रपट. त्यात ऐंशी दिवसांत जगाची फेरी पुरी करण्याची पैज लावणारा, डेव्हिड निव्हनचा फिलिअस फॉग आणि कान्तिन्फ्लासचा नोकर पासपार्तू. शाळेत असताना मामाने सकाळच्या खेळाला नेले होते. पॅरिसहून निघालेले ते बलून आणि हिमशिखराजवळून जाताना पासपार्तूने हात लांबवून ओरबाडलेला बर्फ एवढे मनात इतके पक्के बसले होते की, पुढे कित्येक वर्षांनी इंग्रजी अनुवाद हाती आला तेव्हा मी पानोपानी बलूनचीच वाट पाहत होतो. ब्रिंडिसी गेले, सुएझ गेले, मुंबई आली, बलून काही येईना. ते पुस्तकात नाहीच! न्यूयॉर्कला बोट चुकल्यावर त्याचा ओझरता उल्लेख होतो, तोही हा मार्ग धाडसाचा आणि शिवाय अशक्य आहे असे सांगून बाजूला सारण्यापुरता. बलूनच्या प्रवासाची कादंबरी व्हर्नने लिहिली होती, पण ती वेगळी, १८६३ सालची. मला, खरे सांगायचे तर, फसवणूक झाल्यासारखे वाटले आणि पुस्तक काही दिवस तसेच पडून राहिले.

पुन्हा उघडले तेव्हा लक्षात आले की सिनेमाने जगभर फिरवून आपल्याला पाहायला लावले होते, आणि कादंबरीचा नायक तर काही पाहतच नाही. सुएझला गाव बघायला उतरण्याचे त्याच्या मनातही येत नाही; परदेश नोकराच्या डोळ्यांनी पाहणाऱ्या इंग्रजांपैकी तो एक, असा टोमणा लेखक मारतो. मुंबईत उतरल्यावर तो स्टेशनावर जेवायला बसतो आणि सशाचे म्हणून वाढलेले मांस मांजराचे तर नाही ना, एवढीच काय ती चौकशी करतो. त्याचे जग म्हणजे वेळापत्रक आणि पत्त्यांचा डाव. पडद्यावर असा माणूस फार वेळ दाखवता येत नाही, कारण प्रेक्षकाने तिकीट काढलेले असते ते डोळ्यांसाठी; कागदावर मात्र त्याच्या या न पाहण्यातूनच गंमत उभी राहते.

आणि मग अकरावे प्रकरण आले. गाडी घाट चढून खानदेशात शिरते आणि साडेबारा वाजता बुऱ्हाणपूरला थांबते! पासपार्तू तिथे खोट्या मोत्यांच्या सपाता विकत घेतो आणि मोठ्या ऐटीत पायांत घालतो. पुढे तापीच्या काठाने गाडी असीरगडाकडे निघते. बुऱ्हाणपूर माझे आजोळ. होळकरांनी सरकारला दिलेल्या एक कोटीच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या छोट्या लाइनने, पाताळपाणी, कालाकुंड करत खांडव्याला यायचे आणि तिथे गाडी बदलून मोठ्या लाइनने आजीकडे जायचे, हा आमचा दर उन्हाळ्याचा प्रवास होता. ज्या लाइनवर मी पेंगत बसत असे, तिच्यावरून फॉग माझ्याआधीच जाऊन आला होता. सिनेमाने मला स्पेन दाखवला. बुऱ्हाणपूर पुस्तकाने दाखवले.

व्हर्न स्वतः हिंदुस्थानात कधी आला नव्हता, आणि ते जाणवतेही. अलाहाबादच्या अलीकडे रूळ संपले आहेत, लोहमार्ग पुरा झाल्याची वर्तमानपत्रांतली बातमी खोटी होती, असे तो गाडीतल्या प्रवाशांना ऐकवतो आणि फॉगला दोन हजार पौंडांचा हत्ती घ्यायला लावतो. प्रत्यक्षात मुंबई आणि कलकत्ता मार्च १८७० मध्येच रेल्वेने जोडले गेले होते, आणि फॉग निघतो तो ऑक्टोबर १८७२ मध्ये. ही थाप मी आनंदाने माफ करतो, कारण तिच्यावाचून हत्ती मिळाला नसता. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याची मुलगी औदा हिचे बुंदेलखंडच्या म्हाताऱ्या राजाशी लग्न लावून पुढे तिला सती जायला लावणे मात्र मला अजूनही पचत नाही.

राहिला शेवटाचा प्रश्न. सतत पूर्वेकडे, सूर्याच्या दिशेने जात राहिल्याने फॉगच्या नकळत त्याचा एक दिवस वाचतो, हा तो शेवट. तो माहीत असल्याने ज्या धाग्यांनी तो विणला आहे ते धागे दिसू लागतात. पासपार्तूजवळ पणजोबांचे घड्याळ आहे. सुएझला त्याला कोणी सांगते की ते दोन तास मागे आहे, लंडनची वेळ दाखवते आहे, प्रत्येक देशात दुपारी बाराला ते लावून घ्यायला हवे. तो साफ नकार देतो. मग तुमचे घड्याळ सूर्याशी जुळणार नाही, असे समोरचा म्हणतो, तेव्हा पासपार्तू उत्तर देतो की मग सूर्यच चुकत असेल. पहिल्यांदा वाचणारा हे वाक्य नोकराचा अडाणी हट्ट म्हणून हसून पुढे जाईल. सिनेमा पाहून आलेला मी तिथेच थांबलो आणि मोठ्याने हसलो, तेव्हा स्वयंपाकघरातून विचारणा झाली की काय झाले.