आधी गळतीची जागा, मग कुदळ : आमची वाटचाल

आमच्या फर्मची सुरुवात साध्या नळदुरुस्तीपासून झाली. गळका कॉक बदलायचा, सुटलेला जोड नवा करायचा. जमिनीखालच्या लाइनची कामं येऊ लागली तशी कामाची मांडणीच बदलली, कारण तिथे जोडणी हा शेवटचा आणि सोपा भाग असतो. अवघड असतं ते ठिकाण ठरवणं. आज आमच्याकडे एक नियम पक्का आहे : गळती आहे हे मीटरवर, ती कोणत्या टप्प्यात आहे हे दाबावर आणि नेमकी कुठे आहे हे दोन वेगळ्या रीतींनी ठरल्याशिवाय फरशीला छिन्नी लागत नाही. हा नियम ज्या साधनांवर आणि सवयींवर उभा राहिला, त्यांची ही हकिगत.

मीटर तर पहिल्यापासून हाताशी होताच. घरातले सगळे नळ बंद, टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हमागचा कॉक बंद, मग मीटरच्या काचेतलं बारीक चक्र बघायचं. ते फिरत असेल तर पाणी कुठेतरी जातंय. स्थिर दिसलं तरी आकडा लिहून तासा-दोन तासांनी पुन्हा बघतो, कारण अगदी बारीक पाझर असेल तर ते चक्र इतकं हळू फिरतं की डोळ्याला कळत नाही. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास थांबायचं. न ओढता भांड्यात रंग उतरला तर दोष टाकीच्या आतल्या रबरी झडपेचा. जमिनीखालची म्हणून सांगितलेली गळती अनेकदा इथेच सापडते आणि खोदाई टळते.

पुढचा प्रश्न गळती कोणत्या बाजूला आहे याचा. घरात शिरणाऱ्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्यावर चक्र थांबलं तर गळती आत, फिरत राहिलं तर मीटर ते घर या गाडलेल्या लाइनीत. मात्र जुना गेट व्हॉल्व्ह तळाशी गाळ बसल्यामुळे पूर्ण मिटत नाही. म्हणून त्याच्या पुढचा एखादा खालचा नळ उघडून पाणी खरंच थांबतंय का, हे पाहिल्याखेरीज आम्ही काहीच ठरवत नाही.

छोट्या भोकाला कमी लेखू नये. दीड मिलिमीटरच्या भोकातून ४ बार दाबाला दिवसाला साधारण २,५०० लिटर पाणी जातं. दाब १ बार असेल तर निम्मं. पुरवठा थांबून लाइनीतला दाब उतरला की त्याच भोकातून बाहेरचं गढूळ पाणी आत ओढलं जाऊ शकतं. आम्हाला पाण्याच्या नासाडीइतकीच याचीही काळजी वाटते.

नंतर हातपंपाचा टेस्ट पंप आणि चांगलं गेज घेतलं आणि काम खऱ्या अर्थाने बदललं. लाइनचा एक टप्पा दोन्ही टोकांना बुच लावून वेगळा करायचा, पाणी भरायचं, वरच्या टोकाचा नळ उघडा ठेवून हवा काढायची आणि मग दाब चढवायचा. हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दाबली जाते, गेजचा काटा हळू उतरतो आणि गळती लहान भासते. प्लास्टिकचा पाइप दाबाने थोडा फुगतो, म्हणून सुरुवातीची किंचित घट गळती धरायची नाही. पुन्हा दाब भरून मग अर्धा तास मोजायचा. नव्या लाइनीला नेहमीच्या दाबाच्या दीडपट चाचणी योग्य. जुन्या, गंजलेल्या लाइनीला शोधाच्या वेळी नेहमीचाच दाब देतो, नाहीतर दुसराच कमकुवत जोड उघडतो. गीझर आणि वॉशिंग मशीन आधी वेगळी करायची हे सांगायला नकोच.

जागा शोधायला पहिलं साधन म्हणजे कान. व्हॉल्व्ह, मीटर, नळाचा देठ अशा धातूच्या जागी ऐकण्याची दांडी लावायची, मग जमिनीवर मायक्रोफोन ठेवत लाइनवरून पुढे सरकायचं. रात्री, रहदारी आणि पंप बंद असताना ऐकलेलं सर्वांत खरं. बारीक भोक आणि जास्त दाब असेल तर सूं असा तीक्ष्ण आवाज येतो. मोठी फूट आणि कमी दाब असेल तर आवाज जवळजवळ नसतोच. गळतीभोवती मातीत पाण्याचा खड्डा झाला की आवाज दबतो. लोखंडी पाइप आवाज दूर नेतो, प्लास्टिक तो लवकर गिळतं. म्हणून प्लास्टिकवर मायक्रोफोन अर्ध्या-अर्ध्या मीटरवर ठेवतो. आणखी एक गोष्ट नेहमी लक्षात ठेवतो : आवाज सर्वांत मोठा तिथेच गळती असं नाही. बेंड आणि टी याही जागी पाणी वळताना आवाज करतात. ओल दिसते ती जागा तर त्याहून फसवी, कारण पाणी पाइपच्या खोबणीतून उताराकडे जाऊन लांब कुठेतरी वर येतं.

कोरिलेटर आल्यावर लांब लाइनींचं काम सोपं झालं, पण त्याला दिलेली माहिती खरी हवी. दोन टोकांना सेन्सर लावले की आवाज कुठे आधी पोचला यावरून तो अंतर काढतो. दोन सेन्सरमध्ये ४० मीटर अंतर आहे आणि आवाजात १० मिलिसेकंदांचा फरक आहे असं धरू. लोखंडी पाइपात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे १,२०० मीटर घेतला तर फरकाचे १२ मीटर होतात, ते ४० मधून वजा करून निम्मे केले की गळती जवळच्या सेन्सरपासून १४ मीटरवर येते. तोच पाइप प्रत्यक्षात प्लास्टिकचा असेल आणि वेग ४०० धरायला हवा असेल, तर उत्तर १८ मीटर होतं. खूण ४ मीटर चुकते, म्हणजे खड्डा चुकीच्या जागी. म्हणून पाइप कशाचा आहे आणि मध्ये जोडतुकडा वेगळ्या मालाचा आहे का, हे आधी विचारतो आणि उघड्या टोकाला बघूनही घेतो.

आवाज हाती लागत नाही तिथे गॅस. ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं मिश्रण वापरतो. ते पेट घेत नाही आणि हायड्रोजन मातीतून, काँक्रीटमधूनही वर येतो. लाइन आधी रिकामी करावी लागते, कारण पाणी साचलेल्या भागात गॅस पुढे जात नाही. घट्ट फरशीखाली गॅस सरळ वर न येता सांध्यांकडे सरकतो, म्हणून सांध्यांत बारीक भोकं पाडून प्रत्येक भोकाचं वाचन घेतो. सर्वाधिक वाचनाच्या दोन्ही बाजूंना आकडा उतरत गेला तरच खूण पक्की.

खोदाईत पहारीचं काम वरच्या थरापुरतं. पाइपच्या जवळ आलं की फक्त हातफावडं. खड्डा पाइपच्या तळापेक्षा निदान १५ सेंटिमीटर खोल आणि एका कोपऱ्यात साठवणीचा खळगा हवा, म्हणजे पाइप कापल्यावर उतरणारं गढूळ पाणी पुन्हा पाइपात शिरत नाही. खड्डा खोल असेल किंवा माती भुसभुशीत असेल तर कडांना आधार दिल्याशिवाय माणूस उतरवायचा नाही. यात सवलत नाही.

दुरुस्ती पाइपच्या जातीवर ठरते. जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप, बहुधा आट्यांपाशी जातो, कारण आटे पाडताना तिथली जाडी कमी होते आणि जस्ताचा थरही निघतो. तिथे क्लॅम्प म्हणजे तात्पुरता इलाज. गंजलेला तुकडा कापून, डायने नवे आटे पाडून, सॉकेट आणि युनियनने (पाइप न फिरवता आवळता येणाऱ्या जोडाने) नवा तुकडा बसवतो. त्याला तांब्याचा पाइप थेट जोडायचा नाही, नाहीतर जोडापाशी जीआय लवकर खाल्ला जातो.

पीव्हीसीत बहुतेक जोड ओलाव्याने बिघडतात. वरचा व्हॉल्व्ह थोडाही गळत असेल तर टोक ओलं राहतं आणि सोल्युशन, म्हणजे जोड चिकटवणारा द्रव, धरत नाही. टोक काटकोनात कापायचं, कापताना आतबाहेर राहिलेली खरखरीत कड (बर) काढायची, जोड कोरडा बसवून खोली पेनाने आखायची. मग प्रायमर, मग दोन्हीकडे सोल्युशन, पाव वळसा देत पूर्ण खोलीपर्यंत ढकलून अर्धा मिनिट धरून ठेवायचं, कारण जोड आपोआप बाहेर सरकतो. सीपीव्हीसीला, म्हणजे गरम पाण्याच्या पीव्हीसीला, त्याचंच सोल्युशन. डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडायचं नाही. पीपीआर, म्हणजे तापवून जोडायचा प्लास्टिकचा पाइप, त्याचं गणित घड्याळाचं : साधन २६० अंशांवर, २० मिलिमीटरच्या पाइपाला ५ सेकंद, २५ ला ७, ३२ ला ८. जास्त तापवलं तर आत वितळलेला कठडा तयार होऊन वाट अरुंद होते. एचडीपीई या लवचीक प्लास्टिक पाइपाला सोल्युशन लागूच पडत नाही. तिथे कॉम्प्रेशन कपलर (आवळून बसवायचा जोड) किंवा इलेक्ट्रोफ्यूजन (वीज देऊन वितळवायचा जोड), आणि टोक खरवडून स्वच्छ केल्याशिवाय तेही नाही. प्लास्टिकच्या आतल्या आट्यांत भरपूर टेप गुंडाळलेलं टोक पान्ह्याने आवळलं की सॉकेट उभं तडकतं, लगेच नाही तर काही महिन्यांनी. तिथे पितळी आट्यांचं फिटिंगच वापरतो.

जोडापूर्वी फिटिंग आणि कापलेली टोकं १ टक्का हायपोक्लोराइटच्या द्रावणाने पुसतो. पाणी सोडल्यावर नळांच्या जाळ्या काढून पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू देतो, नाहीतर माती थेट गीझरच्या आणि मिक्सरच्या झडपांत जाते.

भराव आम्ही दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा मानतो. पाइपखाली टेकलेला एक टोकदार दगड काही वर्षांत त्याच जागी भोक पाडतो. भिंतीतून जाणारा पाइप आवरणनळीशिवाय असेल तर भिंत किंचित बसली की तो तिथेच तुटतो. खाली १० सेंटिमीटर वाळू, बाजूंना आणि वर १५ सेंटिमीटर वाळू, मग दगड काढलेली माती १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी, धुम्मसाने ठोकून. जोड उघडा असतानाच पुन्हा दाबचाचणी होते, वाळू नंतर. पाइपच्या ३० सेंटिमीटर वर रंगीत पट्टी टाकतो.

एकाच जीआय लाइनीत दुसरी गळती आली की तुकडा बदलण्याचं काम आम्ही घेत नाही. उरलेला पाइपही त्याच मातीत, तितकाच जुना असतो. तिथे नवी लाइन सुचवतो आणि जमेल तिथे ती भिंतीवरून उघडी नेतो. काम झाल्यावर घरमालकाच्या हाती एक कागद देतो : जोडाचं अंतर घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून, खोली, पाइपची जात आणि व्यास, चाचणीचा दाब आणि वेळ.