भुऱ्यासोबत धावण्याआधीचे दीड वर्ष

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील आमच्या गावात पहाटे धावताना दिसणारी माणसे बहुधा पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली असतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या तीन माजी विद्यार्थिनी 800 मीटरचा सराव करत होत्या आणि वेळ मोजायला कोणीतरी हवे म्हणून त्यांनी मला कालव्याच्या रस्त्यावर बोलावले. दोन-तीन आठवडे घड्याळ धरून उभे राहिल्यावर मीही त्यांच्यामागे धावू लागले. त्या वेळी माझे वय अडतीस होते. पुढे एकीची निवड झाली, दुसरीचे लग्न झाले, तिसरी शिकायला नागपूरला गेली आणि कालव्यावर मी एकटी उरले. बोर व्याघ्र प्रकल्प 2014 साली जाहीर झाला, त्याची हद्द आमच्यापासून फार लांब नाही. बिबट्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात, आणि बिबट्यापेक्षाही रोजचा त्रास मोकाट कुत्र्यांचा आणि पुलावर बसून शेरे मारणाऱ्यांचा होता. घरून सांगणे झाले की धावणे सोडा, नाहीतर सोबत पाहा. जुलै 2022 मध्ये वर्ध्याच्या एका सहकारी शिक्षिकेकडून मी दोन महिन्यांचे लॅब्राडोरचे पिल्लू आणले, ते या कारणाने. रंगाने फिकट पिवळा, म्हणून सासूबाईंनी त्याचे नाव भुऱ्या ठेवले.

येथे एक कबुली देणे भाग आहे. लॅब्राडोर हा मुळात आमच्या हवेचा कुत्रा नाही. त्याचे पूर्वज कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांसोबत थंडगार समुद्रात उतरून जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणत. तेथून ते इंग्लंडला पोहोचले आणि तिथल्या केनेल क्लबने 1903 साली या जातीला मान्यता दिली. बोटांमधले पडदे, बुडाशी जाड असलेली शेपटी आणि वरच्या राठ केसांखाली मऊ, दाट केसांचा दुसरा थर, हे सारे थंड पाण्यासाठी घडलेले आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या प्रदेशात गावठी कुत्रे कितीतरी पटींनी सोयीचे ठरले असते. हे मला पिल्लू घरी आल्यानंतर कळले; आधी कळते तर कदाचित मी शाळेमागच्या कुत्रीचेच एखादे पिल्लू उचलले असते.

पहिली अडचण लसींची आली. आमचा पशुवैद्यकीय दवाखाना गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांसाठी चालतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगांवरची एकत्रित लस तेथे नसे. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते आणि पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यावी लागते. म्हणून मी दर वेळी वर्ध्याच्या औषध दुकानातून बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये ती आणायची आणि आमच्या डॉक्टरांनी टोचायची, असे ठरले. एसटी वेळेवर येत नसल्याने एकदा बर्फ पार वितळला. ती कुपी डॉक्टरांनी वापरली नाही आणि मला पुन्हा जावे लागले. तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस झाली. ही सर्वांत महत्त्वाची होती, कारण पुढे धावताना मोकाट कुत्र्यांशी गाठ पडणार हे ठरलेलेच होते.

माझी कल्पना अशी होती की सहा महिन्यांत पिल्लू मोठे होईल आणि आम्ही धावू लागू. सातव्या महिन्यातच भुऱ्या उंचीने पुरता दिसू लागला आणि मी त्याला दोरी बांधून एक फेरी धावतही नेले. डॉक्टरांना हे कळले तेव्हा ते चांगलेच रागावले. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या साधारण बारा ते अठरा महिन्यांपर्यंत कोवळ्या असतात. त्या काळात कडक रस्त्यावर एकाच चालीने लांब धावल्यास सांधे बिघडू शकतात, आणि लॅब्राडोरमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष मुळातच बराच आढळतो. शिवाय हा कुत्रा स्वतःहून थांबत नाही, कारण धन्यासोबत राहण्यासाठी तो दुखणे गिळतो. डॉक्टरांनी दीड वर्षापर्यंत फक्त चालणे आणि त्याच्या मनाने हुंदडणे एवढेच सांगितले. दीड वर्ष म्हणजे नोव्हेंबर 2023. तोवर मी शाळेच्या मैदानावर एकटीच फेऱ्या मारत होते आणि तो कुंपणाला बांधलेला असताना अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडत होता.

थांबण्याच्या या काळात दुसरेच संकट वाढत गेले, ते त्याच्या वजनाचे. गावात आलेल्याला रिकाम्या तोंडी पाठवायचे नाही ही रीत भुऱ्यालाही लागू झाली. शेजारच्या काकू पोळी देत, किराणावाले भाऊ पार्ले-जी देत, आणि सासूबाई त्याला भाकरीवर तूप घालून देत असत हे मला फार उशिरा समजले. आमच्याकडे त्याला मावेल असा काटा नव्हता, म्हणून सोयाबीनची पोती मोजणाऱ्या अडत्याकडे मी त्याला घेऊन गेले. काट्यावर भुऱ्या ऐटीत बसला आणि आकडा आला 38 किलो. ‘‘मॅडम, कुत्र्याचा भाव काय लावू?’’ असे अडत्याने विचारले आणि सारे हसले. या जातीच्या नराचे वजन साधारण 29 ते 36 किलो असावे आणि बरगड्या डोळ्यांना दिसल्या नाहीत तरी बोटांना लागाव्यात. भुऱ्याच्या बरगड्या शोधाव्या लागत होत्या. लॅब्राडोरचा हावरेपणा केवळ सवयीचा नसतो. केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 साली दाखवून दिले की सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्यांना खाण्याची ओढ अधिक असते. हे वाचून मला त्याच्याविषयी माया वाटली, पण सासूबाईंना जनुक समजावणे मला जमले नाही. शेवटी मी त्याचे दिवसभराचे अन्न सकाळीच वाटीने मोजून एका डब्यात ठेवू लागले आणि ज्याला काही द्यायचे असेल त्याने त्या डब्यातूनच द्यावे असा नियम केला. चार महिन्यांत काटा 33 वर आला.

नोव्हेंबरात नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात खुब्याचे क्ष-किरण चित्र काढून घेतले. सांधे ठीक निघाले. त्यानंतरच खऱ्या अर्थाने सुरुवात झाली: एक मिनिट धावायचे, दोन मिनिटे चालायचे, अशा आठ फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. गळपट्ट्याऐवजी छातीला बसणारा पट्टा घेतला, कारण ओढताना गळ्यावर ताण येत होता. दोरी माझ्या कमरेला होती आणि तेहतीस किलोच्या कुत्र्याला समोर ससा दिसला की माझे काय होई ते पाहायला पुलावरची मंडळी हजर असतच. ‘‘बाई, तुम्ही कुत्र्याले फिरवून राह्यल्या, का कुत्रं तुमाले फिरवून राह्यलं?’’ हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की पुढे तो नमस्कारासारखा वाटू लागला. तो ओढू लागला की मी जागीच थांबायचे, दोरी सैल झाली की पुन्हा निघायचे; याला सहा आठवडे लागले. मोकाट कुत्री अंगावर आली तर पळायचे नाही, काठी जमिनीशी धरून चालत पुढे जायचे, हे मला एका मेंढपाळाने शिकवले. दोन महिन्यांत त्या कुत्र्यांनाही आमची ओळख पटली.

रस्त्याची निवडही बदलली. डांबराऐवजी पांदण आणि कालव्याकडेची मातीची वाट पायांना बरी पडते. मात्र कालव्याला सिमेंटचे अस्तर असेल तेथे मी दोरी कधीच सोडत नाही. पोहायला हा पटाईत असला तरी त्या निसरड्या उतारावरून कुत्र्याला वर येता येत नाही.

मार्च 2024 च्या शेवटच्या रविवारी मी चूक केली. रोज साडेपाचला निघणारी मी त्या दिवशी सव्वासातला निघाले. ऊन फारसे जाणवत नव्हते, निदान मला तरी नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः धापेवाटेच बाहेर टाकतो, हे मला पाठ होते आणि तरीही मी पाच किलोमीटरचा बेत मोडला नाही. परतीच्या वाटेवर तो प्रथमच माझ्या मागे पडला. मला वाटले कंटाळा करतो आहे, म्हणून मी दोरीला एक हिसका दिला. तो हिसका मला अजून आठवतो. शंभर पावलांत त्याचे मागचे पाय लटपटू लागले, जीभ रुंद होऊन विटकरी लाल झाली आणि लाळेच्या तारा लोंबू लागल्या. जवळच्या शेतात भुईमुगाला पाणी देणे चालू होते. तेथले काका धावत आले. मी रिक्षासाठी फोन लावत होते, तो त्यांनी थांबवला: ‘‘पयले पाणी टाका बाई, मंग दवाखान्याचं पाहू.’’ उन्हात बसलेल्या बैलांवर त्यांनी हेच केले होते. मोटरचे पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर सोडले; मी ओली ओढणी त्याच्या पाठीवर पसरली तर त्यांनी ती काढायला लावली, कारण वरून झाकल्याने वाफ आतच कोंडते. वीस मिनिटांनी त्याने मान उचलली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हाही त्याचा ताप 104 फॅरनहाइट होता; कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 101 ते 102.5 असते. काकांनी आधी गार केले म्हणून तो वाचला, असे डॉक्टरांनी सांगितले. श्रमाने मागचे पाय जाण्याचा एक आनुवंशिक विकारही लॅब्राडोरमध्ये असतो, त्याचाही संशय त्यांनी घेतला. पण पुढच्या थंडीत कितीही धावून तसे झाले नाही, तेव्हा दोष माझ्या वेळेचाच होता.

पावसाळ्यात काळ्या मातीचे गोळे त्याच्या बोटांत असे घट्ट बसत की दर अर्ध्या किलोमीटरला थांबून ते काढावे लागत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कपाशीवर फवारणी सुरू झाली की धुऱ्यावरून जाणे मी बंद करते. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले; पंजे चाटणाऱ्या कुत्र्याला ओल्या पिकातून नेण्याचे धाडस मला होत नाही. ऑक्टोबरात तो दोन दिवस अन्नाला शिवला नाही. ज्याने कधी वाटी उष्टी ठेवली नाही त्याने खाणे सोडले, एवढेच मला पुरेसे होते. रक्त तपासल्यावर गोचिडांमुळे होणारा ताप निघाला, चार आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालल्या आणि धावणे महिनाभर बंद राहिले. नंतर गवत वाळले आणि कुसळांचे दिवस आले. ती बोटांच्या बेचक्यात आणि कानात शिरून आत सरकत जातात, म्हणून घरी आल्यावर माझा चहा थांबतो आणि त्याचे पंजे आधी तपासले जातात.

जानेवारी 2025 मध्ये आम्ही पहिल्यांदा आठ किलोमीटर न थांबता धावलो. थंडीच्या पहाटे तो दोरी सैल ठेवून माझ्या डाव्या हाताला धावतो आणि भुईमुगाच्या त्या शेताशी आला की स्वतःच थांबून काकांची वाट पाहतो. होळीनंतर मी त्याचे धावणे बंद करते. पहाटे साडेचारला वीस मिनिटे चालणे, तेवढाच त्याचा उन्हाळा. मी मैदानावर एकटी जाते. मात्र बूट पायांत चढलेले दिसले की तो फाटकाशी जाऊन बसतो आणि सासूबाईंची झोप मोडेपर्यंत रडतो, म्हणून मार्च ते जूनपर्यंत माझे बूट शेजारच्या गोठ्यात असतात.