सपाट रान

रविवार, रात्र. विश्रामबाग, सांगली.

आज आई साडेतीन किलोमीटर चालली. मामांच्या रानातल्या खोलगट तुकड्याच्या बांधावरून दोन फेऱ्या, मग पाणंदीनं नदीच्या अंगाला आणि त्याच वाटेनं परत. मध्ये एकदाच टेकली, तीही पाणी प्यायला. आता गुडघ्यांना तेल लावून झोपली आहे. लेकही झोपली. मी मात्र हे लिहून ठेवायला बसले आहे, कारण गेल्या वर्षी दासनवमीला हीच आई सज्जनगडाच्या पायऱ्यांखाली आमच्या पिशव्या सांभाळत बसली होती. "तुम्ही जाऊन या, मी हितनंच हात जोडते," म्हणाली होती.

आमच्या घरात फिरायला जायचं म्हणजे चढायचं. साताऱ्याला नणंदेकडं गेलं की अजिंक्यतारा, मिरजेकडून निघालं की दंडोबा, सुट्टी मोठी असली की प्रतापगड. लेक आधी तिच्या बाबांच्या खांद्यावर असायची, आता आमच्या पुढं पळते. आणि दर वेळी घरातलं एक माणूस पायथ्याला राहतं. आई कधी कुरकुरली नाही. मला ते खुपायचं, पण मी त्यावर काही केलं नव्हतं, हेही लिहायलाच हवं.

केलं ते दादानं. तो जर्मनीत, ड्रेसडेनला असतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आई, लेक आणि मी त्याच्याकडं गेलो होतो. पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "उद्या डोंगर नाही. आईच्या पायांना झेपेल अशी जागा आहे, तासाभरावर." गाडीत भडंगाचा डबा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लेकीची लाल टोपी. आई साडीवर स्पोर्ट शूज घालून तयार.

गावाचं नाव झेन्फ्टेनबर्ग, प्रदेशाचं लाउझिट्झ. उतरलो तर समोर एवढं मोठं तळं की पलीकडचा काठ पुसट रेघेसारखा. काठाला वाळू, मागं सुरूसारखे दिसणारे पाइन आणि पांढऱ्या सालीचे बर्च. आणि तळ्याभोवती एक वाट, डांबरी, रुंद, कुठं चढ नाही की पायरी नाही. म्हातारी जोडपी, बाबागाड्या ढकलणारे बाप, सायकलवरची पोरं, सगळे एकाच वाटेनं. पूर्ण फेरी जवळपास १८ किलोमीटरची. आम्ही त्यातला जेमतेम पाच-सहा किलोमीटरचा तुकडा घेतला. थोड्या थोड्या अंतरावर बाकडी होती. आईनं पहिली तीन बाकडी मोजली, मग मोजायचं सोडून दिलं.

दादानं तिला सांगितलं, की इथं कोळशाची खाण होती. आई थांबली. "मग खड्डा कुठाय?"

"तू बघतीयस तोच."

मला तो क्षण अजून तसाच दिसतो. आई पाण्याकडं बघत राहिली आणि मी आईकडं.

त्या भागात जमिनीखाली तपकिरी कोळसा आहे, लिग्नाइट. तो बोगदे खणून काढत नाहीत. वरची माती, वाळू, शेतं, जंगल सगळं उचलून बाजूला टाकायचं आणि उघड्यावरच कोळसा खरवडून न्यायचा. आम्ही बघत होतो ते तळं म्हणजे अशीच एक खाण. १९६७ साली तिच्यात श्वार्झे एल्स्टर नदीचं पाणी सोडायला सुरुवात झाली, ते १९७२ पर्यंत चाललं, आणि १९७३ मध्ये पोहायला पहिला किनारा खुला झाला. विस्तार सुमारे १३ चौरस किलोमीटर. आपलं सागरेश्वर अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटरचं, हे तळं त्याहून थोडं मोठंच. सागरेश्वर मला तिथं सारखं आठवत होतं. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी झाडं लावून केलेलं ते जंगल, धों. म. मोहित्यांनी त्यापायी घातलेला जन्म, हे सगळं आम्ही शाळेच्या सहलीत ऐकलेलं. झेन्फ्टेनबर्गच्या तळ्यामागंही असाच एक माणूस आहे, ऑटो रिंट नावाचा भूदृश्यरचनाकार. खाण संपल्यावर तिचं काय करायचं हा विचार खाण चालू असतानाच करायला हवा, असं त्याचं म्हणणं. काठाचा उतार, झाडी, किनारा हे सगळं आधी ठरवायचं आणि माती टाकताना ती तशीच टाकायची. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याकडं दगडाची खण संपली की क्रशर उचलून नेतात आणि खण तशीच राहते. पावसाळ्यात भरते. मग एखाद्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला गेलेलं पोर वर येत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा असाच गेला. सातवीत होतो आम्ही. त्याचं दप्तर बाई कितीतरी दिवस कपाटात ठेवून होत्या.

म्हणूनच असेल, पण तिथले पिवळे फलक मी सगळ्यात जास्त लक्ष देऊन बघितले. तळ्याच्या मधोमध एक बेट आहे. हिरवंगार, पक्ष्यांनी भरलेलं. तिथं कुणालाही पाय ठेवायला बंदी. लेकीला तिथं होडीनं जायचं होतं, तिनं हट्ट धरला. दादानं तिला वाळूत बसवून समजावलं. खाणीतून काढून टाकलेली वाळू सैल असते. खाण चालू असते तेव्हा जमिनीतलं पाणी सतत उपसत असतात. पंप थांबले की पाणी पुन्हा वर चढतं, त्या सैल वाळूत शिरतं, आणि वरून घट्ट दिसणारी जमीन एका दणक्यात पातळ होऊन वाहायला लागते. २०१८ साली त्याच बेटाचा काही भाग असा घसरला होता. जर्मनीतच नाख्टरश्टेट नावाच्या गावी २००९ मध्ये खाणीच्या तळ्याकाठची जमीन घरांसकट पाण्यात गेली, तिघं दगावले. लेकीनं विचारलं, "मग आपण चालतोय ती?" दादा म्हणाला, "ती दाबून घट्ट केलीय. म्हणून वाट सोडायची नाही." त्यानंतर लेकीनं आजीचा हात सोडला नाही, आणि आजी वाटेच्या मधोमध चालतेय की नाही यावर दिवसभर नजर ठेवली. लहान मुलांना घेऊन अशा ठिकाणी जाणाऱ्या प्रत्येकाला मी एवढंच सांगेन, की फलकावरची भाषा येत नसली तरी कुंपणापलीकडं जाऊ नका, फुलासाठी नको आणि फोटोसाठी तर नकोच.

दुपारी पाइनच्या सावलीत दशम्या खाल्ल्या. तिथं ऊन आपल्यापेक्षा कमी, पण वारा मोकळा आणि झाडं बरीचशी सरळसोट, सावली विरळ. टोप्या आणि पाणी बरोबर होतं ते बरं झालं. मग गाडीनं थोडं पुढं जाऊन गंजलेल्या लोखंडाचा ३० मीटर उंच मनोरा बघितला. 'गंजका खिळा' म्हणतात त्याला. लेक आणि दादा वर गेले. मी खाली थांबले, आईजवळ. या वेळी पिशव्या आम्ही दोघींनी सांभाळल्या.

तिथं बसल्या बसल्या मी तिला गावांची गोष्ट सांगितली. लाउझिट्झमध्ये कोळशासाठी शंभराहून जास्त गावं उठवली. त्यातली बरीच सोर्ब लोकांची. त्यांची भाषा जर्मनहून निराळी, गावांच्या पाट्या आजही दोन्ही भाषांत. आई लगेच म्हणाली, "आपल्या कोयनेवानी." तिच्या लहानपणी कोयनेची धरणग्रस्त कुटुंबं आपल्या बाजूला येऊन राहिली होती. त्यांतली एक मैत्रीण तिला पावसात गावाकडची गाणी म्हणून दाखवायची. आई बराच वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "पाणी आटल्यावर देऊळ तरी दिसतं का त्यांचं?" उजनी आटली की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, ते तिनं बघितलेलं. मी नाही म्हणाले. इथं गावाखालची जमीनच काढून नेली होती, वर यायला काही उरलंच नव्हतं. आईनं डोळ्यांना पदर लावला. एवढ्या सुंदर जागी आई रडतेय म्हणून दादा खाली आल्यावर घाबरला.

परतीच्या वाटेवर मात्र ती वेगळ्याच कामाला लागली. बाजूच्या रानात निळ्या-जांभळ्या तुऱ्यांची रोपं होती. ल्युपिन. आईनं एक शेंग उघडून बघितली आणि म्हणाली, "ही तर आपल्या तागाच्या, धैंचाच्या जातीची." खरंच होतं ते. खाणीतून वर आलेली माती आंबट असते. तिच्यात गंधक आणि लोखंड असलेलं खनिज असतं, हवा लागली की त्याचं आम्ल होतं आणि झाड जगत नाही. म्हणून तिथं मातीत चुना आणि राख मिसळली, शेंगवर्गातली रोपं पेरून नत्र धरलं, आणि मग झाडं लावली. तळ्यांच्या पाण्यातही चुना सोडावा लागतो, त्यासाठी खास जहाजं आहेत. दादा हे शोधून शोधून वाचून दाखवत होता आणि आई मान डोलवत होती. तिला यातलं काहीच परकं नव्हतं. "आपल्यात उसाला पाणी जास्ती झालं, की खालचं पाणी वर येतं आणि मीठ आणतं. ह्यांच्यात आंबट आणतं. एवढाच फरक." कृष्णाकाठच्या क्षारपड रानांबद्दल इतकं नेमकं मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

सांगलीला परतल्यावर आईनं मामांना फोन केला. मामांचं गाव पलूस तालुक्यात, नदीकाठी. वीस वर्षांपूर्वी मामेबहिणीच्या लग्नाला पैसे हवे होते, म्हणून मामांनी पंधरा गुंठ्यांतली पोयट्याची माती वीटभट्टीला दिली. दोन फूट ठरली होती, कंबरेएवढी गेली. तेव्हापासून तो तुकडा शेजारच्या रानापेक्षा खाली आहे. पावसात तुंबतो, उन्हाळ्यात पांढरा पडतो. ऊस तिथं बोटाएवढा होतो. मामा त्या बाजूला फारसं बघतच नाहीत, वाट वाकडी करून जातात. त्यांच्या विटा कुणाच्या घरात आहेत कोण जाणे, असं एकदा म्हणाले होते.

आईचं म्हणणं साधं होतं. तिकडं डोंगराएवढी माती उलथली तरी लोक ती सुधारायच्या मागं लागले. आपले तर पंधरा गुंठे. गेल्या वर्षी मामेभावानं मातीची तपासणी करून घेतली. कडेनं चर काढला, पाणी ओढ्याला लावलं. उन्हाळ्यात शेणखत आणि जिप्सम टाकलं. मृगाच्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला. चराच्या मातीतून झालेला बांध मामेभावानं ट्रॅक्टरनं रुंद करून दिला, 'आत्याला चालायला' म्हणून.

तर आज त्या बांधावर आम्ही चाललो. श्रावणातलं ऊन-पाऊस, खाली चिखल, पण बांध टणक. धैंचा लेकीच्या डोक्याएवढा झालाय, पिवळी फुलं नुकती लागलीत. मध्ये एक चौरस जागा अजून मोकळीच आहे, तिथं काही उगवलं नाही. पांढरट थर दिसतो. आई तिथं वाकून बोटानं माती चाखायला लागली, मी ओरडले. तिनं चाखलीच. "खारट हाय अजून," म्हणाली, "पण मागच्यापेक्षा कमी." मामा पहिल्या फेरीला बांधाच्या कोपऱ्यावर उभे होते. दुसऱ्या फेरीला आमच्याबरोबर आले. बोलले काही नाहीत. लेकीनं त्यांचा हात धरला आणि वाट सोडायची नाही म्हणून दम दिला.

पुढच्या रविवारी ट्रॅक्टर येणार, धैंचा गाडायला. लेकीला ते अजिबात पटलेलं नाही. एवढी फुलं आलेली असताना का गाडायचं, असं तिनं घरी येईपर्यंत चारदा विचारलं. आईनं चारही वेळा सांगितलं, की फुलावर असतानाच गाडायचा असतो, उशीर झाला तर खोड निबर होतं, मग कुजत नाही. झोपताना लेकीनं ठरवलं, की ट्रॅक्टर यायच्या आधी आपण दोघी जाऊन एक तरी फेरी मारायची. सकाळी सहाची बस आहे. आई म्हणते, सव्वासहाचीपण आहे, चहा घेऊन निघू.