‘अनणोसि?’

परवा ज्येष्ठ पौर्णिमा. सम्राट अशोकाचे पुत्र महिंद थेर यांनी श्रीलंकेत धम्म नेला तो हा दिवस. परवा सकाळी नागपूरकडच्या एका विहारात माझी प्रव्रज्या आहे, म्हणजे घर सोडून भिक्खूसंघात जायची दीक्षा. हे लिहितोय ते घरच्या ओसरीत बसून. लाइन गेली आहे, मृगाचा पाऊस टिनावर वाजतोय, आणि आत माय माझ्या बॅगेत चिवडा भरतेय. तिथं दुपारनंतर खायचं नसतं हे तिला दहादा सांगून झालं.

महिनाभर गावात एकच गोष्ट कानावर येते. “पोट्टं कर्जाले भिऊन साधू व्हाले चाललं.” ऐकून आत कुठंतरी लागतं, कारण घडलं ते याच्या अगदी उलट. कर्ज होतं म्हणूनच मला पाच वर्षं निघता आलं नाही.

हिंगणघाटच्या अलीकडं, वणा नदीच्या काठाला आमचं गाव. पाच एकर कोरडवाहू, काळी जमीन, पऱ्हाटी अन् मधात तुरीचं तास. आजा १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला होता. चंद्रमणी महास्थवीरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली आणि मग बाबासाहेबांनी त्या लाखो लोकांना, त्यात आजाही. पांढरे कपडे घालून या असा निरोप होता, घरात पांढरं कापड नव्हतं, म्हणून आजानं शेजाऱ्याचं धोतर उसनं नेलं होतं. दीक्षेची गोष्ट सांगताना तो दर वेळी त्या धोतरापाशी थांबायचा: “नीळ देऊन वापस केलं गा मी ते.” लहानपणी वाटायचं, एवढा मोठा दिवस आणि म्हातारा धोतराचं काय घेऊन बसतो!

२०१७ला गुलाबी बोंडअळी आली. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सडकी कवडी. बापानं त्या साली लागवडीला सोसायटीचं पीककर्ज उचललं होतं, कृषी केंद्राची उधारी होती, आणि बहिणीच्या लग्नाचे सावकाराचे पैसे आधीचेच. फवारण्या करून करून शेवटी त्यानं उभ्या पऱ्हाटीत जनावरं सोडली.

पुढच्या उन्हाळ्यात मी दहा दिवसांच्या श्रामणेर, म्हणजे नवशिक्या भिक्खूंच्या, शिबिराला गेलो. तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. खरं सांगायचं तर घरातून काही दिवस बाजूला व्हायचं होतं, बाकी काही डोक्यात नव्हतं. डोक्यावरचे केस उतरवताना भंतेंनी कापलेल्या केसांची बट हातात ठेवली आणि म्हणायला लावलं: केसा, लोमा, नखा, दन्ता, तचो. केस, अंगावरचे लोम, नखं, दात, कातडी. मग उलटं: तचो, दन्ता, नखा, लोमा, केसा. आपण ज्याला ‘मी’ म्हणतो त्याचं एवढंच वरून दिसतं, त्याकडं बघ. बस, एवढंच. पहाटे चारला उठून दहा दिवस मी तेवढंच बघितलं. दहाव्या दिवशी चीवर उतरवून पँट घातली, खिशात हात गेला, तर कृषी केंद्राची उधारीची चिठ्ठी हाताला लागली. एसटीत बसल्यावर वर्ध्यापर्यंत ती चिठ्ठी मुठीतच होती. मला परत जायचं होतं, पण घरी नाही, मागं. त्यानंतर डवरणी करताना, फवारणीचा पंप पाठीवर असताना, ते पाच शब्द तोंडात असायचे. स्थळं येत गेली, मी नाही म्हणत गेलो.

२०२०च्या हिवाळ्यात बाप हृदयविकारानं गेला. त्याच सुमारास महात्मा फुले कर्जमुक्ती योजनेच्या यादीत त्याचं नाव आलं. दोन लाखांपर्यंतचं थकीत पीककर्ज त्यात माफ होत होतं, आमचं बसलं. बापाला ते कळलं नाही.

त्या वर्षअखेरीला मी भंतेंकडं गेलो. म्हटलं, आता कायमचं यायचंय. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. आईची संमती आहे का? म्हटलं, अजून नाही. कर्ज? म्हटलं, भंते, आमच्याकडं कर्ज कोणाला नसतं?

“मग आधी ते,” म्हणाले.

उपसंपदेच्या, म्हणजे पूर्ण भिक्खू होण्याच्या, वेळी संघासमोर जे प्रश्न विचारतात ते त्यांनी मला पालीत म्हणून दाखवले. कुष्ठ आहे का, मिरगी आहे का, तू माणूस आहेस ना, दास नाहीस ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, मायबापाची परवानगी आहे ना, वीस वर्षं पूर्ण झाली ना, पात्र-चीवर आहे ना. आणि त्यातच: अनणोसि? तू ऋणमुक्त आहेस? उत्तर द्यायचं असतं, “आम, भन्ते.” होय, भंते. प्रश्न उपसंपदेचे, पण कर्जदाराला साधी प्रव्रज्याही द्यायची नाही, असा नियम विनयाच्या, म्हणजे संघाच्या नियमग्रंथाच्या, महावग्गात आहे. त्याची गोष्टही आहे. एक कर्जदार भिक्खू झाला. सावकारांनी त्याला ओळखलं, धरायला निघाले, तर बाकीचे म्हणाले, हात लावू नका, संघात गेलेल्याला कोणी काही करायचं नाही असं बिंबिसार राजानं सांगून ठेवलंय. लोक कुरकुरले, हे श्रमण तर आता कर्जबुडव्यांनाही आसरा देतात! बुद्धांनी त्या लोकांचं म्हणणं खरं धरलं आणि नियम केला.

मला ही गोष्ट फार आवडते. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाच्या दारात उभं राहून गावकरी तेच म्हणत होते, जे आज आमच्या गावचे पारावरचे लोक म्हणतात. आणि बुद्धांनी त्यांना गप्प केलं नाही.

भंते आणखी एक बोलले. एकदा श्रामणेर झालास की सोनं-रुपं, पैसा हातात घ्यायचा नाही, हे दसशीलातलं दहावं शील. मग फेडशील कसा?

घरी येऊन मायला विचारलं, कोणाकोणाचं काय आहे. ती शाळेत गेली नाही, पण बापाच्या चिठ्ठ्यांपेक्षा तिचं तोंडी पक्कं होतं. सावकाराचे एक लाख चाळीस हजार, महिन्याला शेकडा तीन. कृषी केंद्राचे शहाऐंशी हजार. तिच्या बचत गटाचे तीस. चुलत्याच्या बैलाचे अर्धे पैसे. मी नवं कर्ज न काढता शेती करायची ठरवली. म्हणजे खत कमी, मजुरी स्वतःची, रात्री जिनिंगमध्ये हमाली. २०२१-२२ला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. तसा भाव बापानं जन्मात पाहिला नव्हता. त्या एका हंगामानं सावकार सुटला. नंतर भाव पडले, बाकीचं हळूहळू गेलं. गेल्या वर्षी तलाठ्याकडून सातबारा काढला, इतर हक्कात बोजा नाही. तो कागद मी भंतेंना नेऊन दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाले, “छान. एकदा आईला परत विचार, काही राहिलं का.”

विचारलं. माय गप्प राहिली.

तिचं सांगायला हवं. मी जाणार हे पहिल्यांदा कानावर गेलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. रट्ठपालाची गोष्ट आहे, मायबाप प्रव्रज्येला होकार देत नव्हते म्हणून तो उघड्या जमिनीवर झोपून राहिला, अन्न सोडलं. आमच्या घरी अन्न मायनं सोडलं. मी तिसऱ्या दिवशी म्हटलं, नाही जात. मग ती उठली, भाकर केली, आणि पुढं वर्षभर तो विषयच निघाला नाही.

मग वर्षावास आला, भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम. विहारात रोज संध्याकाळी वाचन असतं, वाचायला मीच. एका संध्याकाळी राहुलच्या प्रव्रज्येचं आलं. शुद्धोदन बुद्धांना म्हणतो, पुत्रप्रेम वरची त्वचा छेदतं, मग कातडी, मग मांस, मग स्नायू, मग हाड, आणि हाडातल्या मज्जेपर्यंत जाऊन थांबतं. यापुढं मायबापाच्या परवानगीवाचून कोणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नका. बुद्धांनी तेही मानलं. वाचताना मी मान वर केली नाही. बायांच्या रांगेत माय होती. घरी येताना म्हणाली, “त्या राजालेई असंच झालं म्हणजे.” बस.

वस्तीतही वाद झालेच. एक शिक्षक म्हणाले, आपल्याला भिक्खू कशाला हवेत, पोरांना एमपीएससी हवी. मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. भिक्खू कशासाठी, स्वतःपुरता परिपूर्ण माणूस घडवायला की लोकांची सेवा करायला, हा प्रश्न खुद्द बाबासाहेबांनी विचारून ठेवलाय, आणि त्यांचा कल सेवेकडं होता. आमच्या विहारात भंते नाहीत. कोणी गेलं की चाळीस किलोमीटरवरून बोलवावे लागतात, तोवर प्रेत अंगणात. पोरांना त्रिशरण पाठ आहे, अर्थ ठाऊक नाही. मला हे करायचंय. आणि पहाटे चारचं ते बसणंही करायचंय. दोन्हीसाठी चाललोय.

गेल्या कार्तिकात आम्ही दोघं वेचणीला होतो. माझी ओढणीची झोळी भरत आलेली. पलीकडच्या तासातून माय म्हणाली, “जाय. पण पयले त्या बायायचे दे.”

कोणत्या बाया? तर बोंडअळीच्या साली शेवटच्या वेच्याला सात बाया होत्या. हप्त्याची वेचाई बापानं दिलीच नाही, द्यायला नव्हती. “मंग सांगत काहून नाई आली?” मी ओरडलोच तिच्यावर. ती बोंडातून कापूस काढत राहिली. “सांगतलं असतं तं तू फेडून मोकया झाला असता.”

चार वर्षं हे एक ऋण तिनं लपवून ठेवलं होतं, मला धरून ठेवायला. मी झोळी तिथंच ठेवून धुऱ्यावर जाऊन बसलो. शुद्धोदनाचं ते वाक्य मी किती सहज वाचून टाकलं होतं.

सातही घरी गेलो. एक बाई वारली होती, सुनेनं घेतले. दोघींना आठवतच नव्हतं. एकीनं हात मागं घेतले, “माह्ये दानात धर.” भंते म्हणाले होते, देणाऱ्यानं आपणहून सोडलं तर सुटलं, पण तू सोड म्हणायला जाऊ नको. म्हटलं मावशी, आधी घ्या, मग दान तुमच्या मनानं. शेवटची बाई, अकराशे पन्नास होते तिचे, नोटा मोजून म्हणाली, “सात वर्साचं व्याज?” मी गडबडलो. सावकाराला महिन्याच्या महिन्याला शेकडा तीन दिले आणि वेचणाऱ्या बाईच्या पैशाला व्याज असतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती म्हणाली, “त्या हप्त्यात माह्या घरी तेल नव्हतं बाबू.” दामदुपटीनं दिले. मग बाकीच्या सहा घरी परत गेलो, तेवढेच घेऊन.

शेत चुलतभावाला मक्त्यानं दिलंय, पैसे मायच्या खात्यावर येतील. बहीण महिन्यातून एकदा येईल. टिनाची गळती बुजवली, सरपण भरलं. बैलजोडी परवाच भावाकडं गेली, गोठा रिकामा आहे, आणि माय सवयीनं अजून तिकडं ढेप घेऊन जाते.

परवापासून ती मला ‘बाबू’ म्हणू शकणार नाही. भंते म्हणायचं, खाली बसून तीनदा वंदन करायचं, आणि मी तिच्या पाया पडायचं नाही. तिला आज हे सांगितलं. थोडा वेळ विचार करून म्हणाली, “मंग आजच पड.”

ती गोठ्याकडून आली होती. मी वाकलो तशी पाय मागं घेत म्हणाली, “थांब, चिखल हाये पायाले.”

मी थांबलो नाही.