मुरलेल्या मित्रांबरोबर गुलमर्ग: कोऱ्या पाटीचा वृत्तांत

"सोपं आहे गं, बघता बघता जमेल." दहा वर्षं स्कीइंग करणारा माणूस असं म्हणाला तर विश्वास ठेवू नका. पहिल्यांदा पडलो तेव्हा काय वाटलं होतं, हे तो कधीच विसरलेला असतो.

फेब्रुवारीत आम्ही पाच जण पुण्याहून निघालो. चौघं मुरलेले, माझी पाटी कोरी. तयारी म्हणून दोन महिने दर रविवारी सिंहगड केला. चढण्यापेक्षा उतरण्याचा उपयोग जास्त झाला, कारण स्कीवर गुडघे वाकवून सगळा भार मांड्यांवर घ्यायचा असतो. शिवाय रोज भिंतीला पाठ टेकून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. मी दीड मिनिटापर्यंत पोचले होते. तरी तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवली.

कपड्यांचं थोडक्यात: अंगाला सुती काही नको, घामानं भिजलं की गारठतं. थर्मल, फ्लीस आणि वर पाणी न शिरणारं जॅकेट. जॅकेट-पँट तिथे भाड्यानं मिळतात. हातमोजे, गॉगल आणि सनस्क्रीन स्वतःचं न्या.

बुटांबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण तिथेच मी फसले. दुकानदारानं चपलेचा नंबर विचारून बूट पुढे केला. पाय आत ऐसपैस बसला, मी खूश. दुपारपर्यंत टाच वर उचलली जायला लागली आणि उतारावर अंगठा पुढे आपटून नख काळंनिळं. स्की बूट घट्टच हवा: सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवले की सुटावीत, आणि टाच जागची हलू नये. मोज्यांचा एकच जोड, पातळ आणि लांब. थर्मलचा पाय बुटात कोंबायचा नाही, नाहीतर नडगीवर वळ उठतात. बूट घालून दुकानातच दहा मिनिटं फिरा, दुकानदार कंटाळला तरी. आणि बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, लावून घेताना वजन चोरू नका! पडल्यावर स्की कधी सुटायची हे वजन, उंची आणि सराव बघून ठरवतात. चुकीचं लावलं तर ती भलत्या वेळी सुटते किंवा सुटतच नाही, आणि मग गुडघा गेला.

दुसऱ्या दिवशी मित्रांच्या आग्रहाखातर गोंडोलानं, म्हणजे तिथल्या रोपवेनं, कोंगडोरी या मधल्या थांब्याला गेले. तीन हजार मीटरच्या वर, लख्ख ऊन, आणि पायाखाली उतार. वीस पावलांत तीनदा पडले. मित्र खालून ओरडून सूचना देत होते, चौघांच्या चार. शेवटी स्की खांद्यावर टाकून गोंडोलानंच खाली आले. त्यात लाज नाही, पण रडू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

त्या रात्री ठरवलं ते पुण्यातच ठरवायला हवं होतं: सकाळी ते त्यांच्या वाटेनं, मी खालच्या मैदानात प्रशिक्षकाबरोबर, जेवायला सगळे एकत्र. मित्र उत्तम स्की करतो म्हणून त्याला शिकवता येतंच असं नाही. आमचा काश्मिरी गुरू एकच वाक्य दिवसभर म्हणायचा, "दीदी, पैर नहीं, सामने देखो." त्यानं आधी पडायला शिकवलं, बाजूला, चढाकडे. उठताना स्की उताराला आडव्या. मग पिझ्झाच्या तुकड्यासारख्या टोकं जुळवून थांबणं, आणि सगळ्यात कामाचं म्हणजे आडवं उभं राहून स्कीच्या कडा थोड्या सैल सोडत हळूहळू घसरणं. हे आलं की आवाक्याबाहेरच्या उतारावरूनही लाज राखून खाली येता येतं. चौथ्या दिवशी कोंगडोरीहून खाली आले, निम्मी वाट अशीच घसरत.

मित्र त्याच्याही वर, अफरवाट शिखराकडे जायचे. ते माझं काम नव्हतं. तिथे मोकळ्या केलेल्या भागाबाहेर हिमस्खलनाची भीती असते. बर्फाखाली अडकलेल्याला शोधायचं यंत्र, फावडं आणि ते वापरायचा सराव नसेल तर कुणी कितीही ओढलं तरी जाऊ नका.

बाकी किरकोळ: बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड न्या. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. बर्फ पडलं की खालच्या टंगमर्ग गावापासून वर चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी लागते. आणि परतीला एक दिवस हाताशी ठेवा. आमचं विमान बर्फामुळे रद्द झालं, तो दिवस श्रीनगरला हरिसा, म्हणजे रात्रभर शिजवलेलं घोटीव मटण, खाण्यात गेला. तो पहाटेपासून मिळतो आणि लवकर संपतो, तेव्हा आठच्या आत पोचा.